जोड गाण्याच्या पुढे

माय सत्तरी ओलांडून गेली होती तेव्हाची गोष्ट. नागभीडहून चांद्याला मी तिला गाडीनं घेऊन चालले होते. लाईन आता रुंद झालेली. खिडकीशी तिला बसवलं, पायाशी पिशवी ठेवली. जरा वेळानं ती म्हणाली, "गाडी चालून राह्यली का उभी आहे वं?"

मी बाहेर बोट दाखवलं. सागाची झाडं मागं मागं जात होती.

"झाडं पयते तं मलेई दिसते. पण वाजत काऊन नाई?"

मी तिला सांगितलं की आता रुळाला रूळ वितळवून जोडतात, मधे फट राहत नाही, म्हणून चाक खटकत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग बिरेकवाल्याले समजते कसं?"

आमच्या घरात ब्रेकवाला म्हटलं की एकच माणूस. माझा बा, शालिकराम. मी जन्मण्याच्या तीन वर्षं आधीची, पंचावन्न सालची ही हकिगत मायनं इतक्यांदा सांगितली आहे की कधीकधी मला वाटतं, त्या उताराखाली धानाच्या खळ्यावर मीही उभी होते.

तेव्हा तिथून छोटी गाडी जायची. दोन हात रुंदीची लाईन आणि दोन्ही बाजूंनी रान. मोहफुलांच्या दिवसांत गाडी चढणीवर इतकी हळू व्हायची की माणसं उतरून फुलं वेचत आणि परत चढत. त्या लाईनीवर साहेबांची ट्रॉली चालायची. चार चाकं, वर फळ्या, फळ्यांवर एक बाक. बाकावर लाईनीचे साहेब गुणवंतराव, वर्ध्याकडचे, चष्मा लावलेले, डोक्यावर काळी छत्री. त्यांची नजर सारखी रुळावर, कुठे खिळा ढिला, कुठे गिट्टी सरकली. मागं ट्रॉली ढकलणारी माणसं अनवाणी रुळावरून धावायची, एकेका रुळावर एकेक जण, पावलापुढं पाऊल टाकत, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखी, आणि ट्रॉलीनं वेग धरला की टुणकन उडी मारून मागच्या फळीवर बसायची. बसणाऱ्यांतला एक ब्रेकवाला. त्याच्या हातात लाकडी दांडा. उतारावर सगळ्यांचा जीव त्या दांड्याला.

आमच्या गावाजवळ एक लांब उतार होता. माथ्यावर साग, पायथ्याशी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि तिथंच लाईन एकदम वळून नाल्याच्या पुलावर जायची. वळणावर ट्रॉली धीमी पाहिजे. त्या उताराचा कायदा म्हाताऱ्या रामाजीनं बाला शिकवला होता. रामाजी आधीचा ब्रेकवाला. तो म्हणायचा, उतारावर गाणं म्हण. रुळाचे जोड खालून खटखट वाजते. जोड गाण्याच्या पुढं पयाले लागले, का दाब बिरेक.

रामाजीचं ठीक होतं. त्याचा आवाज फाटक्या सुपासारखा, त्याला तालाशी काही देणंघेणं नव्हतं. बा मात्र दंडारीतला गडी. दिवाळी सरली की गावोगावच्या दंडारींत बाईचं सोंग घेऊन तो गायचा, आणि पाच गावांची माणसं अंगावर घोंगडं घेऊन ऐकायची. मायनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तो लुगडं नेसलेला होता. घरी जाऊन तिनं तिच्या बापाला सांगितलं होतं, द्यायचं तर मला त्या घरी द्या, त्यांच्याकडं बांधी कमी असली तरी चालेल. लग्नात बायका तिला म्हणत, गिरजे, जपून राह्य, नवऱ्याले तुह्यापेक्षा चांगलं नेसता येते.

असा माणूस ब्रेकवर बसला. चाकाखाली जोड वाजायचे, आणि बा त्या खटखटीवरच गाणं धरायचा, जशी ढोलकी असावी तसं. साहेबांनाही गंमत वाटायची. उताराच्या निम्म्यावर एक पळस होता. तो दिसला की बा ब्रेक दाबायचा. रामाजीच्या कायद्याची गरज त्याला कधी पडलीच नाही.

आश्विनातल्या एका सकाळी धुकं इतकं होतं की साहेबांना आपल्या बुटाचं टोक दिसत नव्हतं. बानं गाणं धरलं. ट्रॉली माथ्यावरून खाली निघाली. जोड वाजत होते आणि गाणं त्यांच्यावर नेमकं बसत होतं, एक अक्षर इकडं नाही की तिकडं नाही. इतका सुरेख ताल कधी लागला नव्हता, असं बा पुढं सांगायचा. पळस धुक्यात कधी मागं गेला ते कुणाला कळलं नाही. वळण आलं तेव्हा ट्रॉली रुळावर राहिली नाही. साहेब बांधीतल्या चिखलात पडले, मनगट मोडलं. मनसारामचा गुडघा गिट्टीवर आपटला. मनसाराम हा बाचा जोडीदार, शेजारच्याच घरातला. बाला नुसतं खरचटलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. गुडघ्यामुळं मनसारामचं धावणं बंद झालं होतं, म्हणून दांडा त्याच्या हातात दिला आणि बाला पुसाच्या महिन्यापर्यंत मुदत दिली. कसं चुकलं ते समजलं, आणि पुन्हा चुकणार नाही हे त्यानं दाखवलं, तर ब्रेक परत. नाहीतर लाईनीच्या दुसऱ्या टोकाला गिट्टीच्या गँगमध्ये बदली, तंबूत राहायचं, घरी महिन्यातून एकदा.

त्या दिवशी बानं घरी येऊन टाळ खुंटीवर टांगले. पुन्हा गाणार नाही म्हणाला. दंडारीची माणसं बोलवायला आली तर मागच्या दारानं बांधीत निघून गेला. माय म्हणायची, घरात असा सन्नाटा की चुलीतलं लाकूडसुद्धा बिचकून तडतडे. तिला गँगची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. गाणं ऐकून ती या घरात आली होती. गाणं गेलं तर ती कुणाच्या घरात राहणार होती?

एकदा जेवताना बा एवढंच म्हणाला, "गाणं चुकलं नाई गिरजे. ताल जोडावरच होता. मंग कसं झालं?"

हे कोडं साहेबांनी सोडवलं. हात गळ्यात बांधलेला, तरी ते लाईन पाहायला आले होते आणि पाणी प्यायला आमच्या अंगणात टेकले. मायनं गूळपाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला धरून बाचंच वाक्य त्यांना सांगितलं, की ताल तर जोडावरच होता म्हणते.

साहेब हसले. म्हणाले, "गाणं चुकलं नाही, हेच तर चुकलं."

मग त्यांनी मूठभर गिट्टी घेतली आणि अंगणात मांडली. सपाटीवर ट्रॉली चालते तेव्हा, समजा, एका गाण्याच्या वेळात सात जोड वाजतात. पुढच्या वेळात सात, त्याच्या पुढच्यातही सात. सात खडे, सात खडे, सात खडे. हा झाला वेग. बरा मोठा आहे, पण भीती नाही, कारण तो आहे तेवढाच राहतो. डोळे मिटून बसलं तर आपण चाललो आहोत हेसुद्धा कळत नाही. मग खाली त्यांनी दुसरी ओळ मांडली. उताराच्या माथ्यावर ट्रॉली उभी आहे, चाकाखालचा दगड काढला. पहिल्या वेळात एकच जोड. पुढच्यात तीन. मग पाच. मग सात.

बा आणि माय दोघं वाकून बघत होते. साहेबांनी विचारलं, यात काय बदललं आणि काय नाही?

बा म्हणाला की सगळंच बदललं. माय जरा वेळ खड्यांकडं बघत राहिली. तांदूळ निवडावा तसं तिनं तिनातून एक वगळला, पाचातून तीन, सातातून पाच. दर वेळी तिच्या बोटाखाली दोनच उरले.

"हे दोन बदलत नाई," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, हे दोन म्हणजे वेगाची वाढ. वेग वेगळा आणि वेगाची वाढ वेगळी. माथ्यावर वेग काहीच नसतो, मुंगीसुद्धा पुढं जाईल. पण वाढ तिथंही पुरी दोन असते, दगड काढल्या क्षणापासून. माणूस वेगाकडं बघतो आणि म्हणतो, हळूच तर चाललो आहे. घात करते ती वाढ."

मग बाकडं वळून ते म्हणाले, "तू गाणं जोडांवर बसवलंस. जोड भरभर झाले, तुझं गाणंही भरभर झालं. सोबतच धावलात दोघं. मग कोण कुणाच्या पुढं गेलं हे कळणार कसं?"

 ज्या गोष्टीसाठी पाच गावं बाला मान देत होती, तीच त्याला नडली होती.

"म्हणजे गाण्याले सोताची चाल पाह्यजे," माय म्हणाली. "खाली काईबी वाजो."

"हो. घड्याळासारखी."

"घड्याळ आमी कुठी पाह्यलं जी. जात्यासारखी म्हना."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बाला जात्यावर बसवलं. बाप्या माणसानं दळायला बसावं असं आमच्या गावात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. दंडारीत लुगडं नेसणं वेगळं, ते सोंग. हे खरंच दळण होतं. बा म्हणाला, लोकं हसतीन. माय म्हणाली, हसतीन तं हसू द्या, गँगमधे तुमाले पाहून कोनी रडनार बी नाई.

जात्याला लबाडी चालत नाही. जोरात फिरवलं की भरड पडते, हळू केलं की दाणा तोंडातच अडकतो. पीठ बारीक पाहिजे तर एकच चाल धरावी लागते. त्या चालीवर मायची ओवी बसलेली होती, तिच्या आईकडून आलेली. बारा फेऱ्यांत एक ओवी पुरी, न कमी न जास्त.

बांधीत धान पोटरी, पानी लागलं काठाले
भाऊ न्यायाले येईन, डोये लागले वाटेले

बा ती ओवी शिकला. आवाज होताच, दोन दिवसांत ओवी अशी उतरली की मायचे हात थांबले. पण शिकायचं ते अजून पुढंच होतं. तिसऱ्या दिवशी मायनं जात्याचा खुंटा त्याच्या एकट्याच्या हातात दिला, स्वतः पितळी लोटा घेतला आणि उलथण्यानं त्यावर ठोके द्यायला लागली. आधी सावकाश. मग जरा भरभर. मग आणखी भरभर, ट्रॉली उतरावी तशी. ठोका वाढला की बाची मान हलायची, मान हलली की ओवी धावायची, ओवी धावली की जातं धावायचं आणि जात्याच्या पाळीवर भरड. मग माय लोटा खाली ठेवायची, भरड मुठीत घेऊन त्याच्या समोर धरायची. 

त्या आवाजानं शेजारची गोकुळा, मनसारामची बायको, कुडावरून डोकावली. "काऊन वं गिरजे, नवरा दयते अन् तू ढोल वाजवते? उद्या मायाबी पाठवू का? गुडघ्यापायी बिरेकवर बसून बसून कंटायला."

माय म्हणाली, "पाठव न. पन त्याले गावू नको देऊ. दाने पयून जातीन."

गोकुळा हसून लोळली, कारण मनसारामचं गाणं साऱ्या गावाला माहीत होतं. तो ब्रेकवर बसून रोज एकच ओळ एकाच सुरात म्हणायचा, म्हशीला हाक मारावी तशी. आणि ट्रॉली रोज वळणावरून सुखरूप जायची. साहेब म्हणत, याच्या गाण्यानं कान जातात पण हाडं राहतात. बाला हे ऐकून हसू यायचं आणि मग यायचं नाही.

महिनाभर आम्ही, म्हणजे ते दोघं, भरडीची भाकर खाल्ली. कार्तिक संपता संपता भरड कमी झाली. एका पहाटे मायनं हात दुखेपर्यंत लोटा वाजवला, ठोके पावसाच्या सरीसारखे एकात एक मिसळले, आणि जातं आपलं बारा फेऱ्यांत एक ओवी, बारा फेऱ्यांत एक ओवी, चालत राहिलं. पाळीवर पीठ पडत होतं, हातात घेतलं तर रेशमासारखं. बाचे डोळे मिटलेले होते आणि घाम हनुवटीवरून जात्यावर गळत होता.

मार्गशीर्षात साहेबांनी परीक्षा घेतली. वळणाच्या अलीकडं दोन्ही रुळांवर चुन्याची रेघ मारली. ट्रॉली माथ्यावर उभी करायची, चाकाखालचा दगड काढायचा, आणि रेघेच्या आत थांबवायची. पळसाकडं बघायचं नाही, म्हणून बाच्या डोळ्यांवर त्याचाच दुपट्टा बांधला. मनसाराम मागं बसला, वेळ पडली तर दांडा ओढायला. आणि साहेब आपल्या बाकावर बसले. मनगटाची पट्टी नुकतीच सुटली होती, तरी बसले. छत्री मात्र मिटून मांडीवर घट्ट धरलेली. पडल्या दिवसापासून उतारावर ते छत्री उघडत नसत.

माय खाली खळ्यावर होती. मळणी चालू होती, पण बैल उभे करून सगळे लाईनीकडं बघत राहिले. माथ्यावर दगड काढलेला दिसला. मग वाऱ्यावर ओवी आली.

पहिली ओवी पुरी होईपर्यंत एकच जोड वाजला. कुणीतरी म्हणालं, असं तं संध्याकाय होईन. दुसऱ्या ओवीत तीन. तिसऱ्या ओवीत पाच. माय बोटांवर मोजत होती. आता तिला दोन आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. एक वरून खाली धावत येणारा, लोखंडाचा. दुसरा त्याच्यावर बसलेला पण त्याच्या सोबत न धावणारा, आपल्याच घरात दळत बसल्यासारखा.

चौथी ओवी सुरू झाली. पानी लागलं काठाले, इथं आवाज जरासा कापला. मायला तो समजला. बैलाची मान जशी वाटेवरच्या गवताकडं ओढ घेते तसं गाणं तालाकडं ओढ घेत होतं. बाच्या डोळ्यांवर दुपट्टा होता, त्याला ती दिसणार नव्हती, तरी खळ्यावर उभ्या उभ्या तिचा उजवा हात आपोआप हवेत फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा, एक फेरा, दुसरा, तिसरा. बाजूच्या बाया बघत होत्या. तिनं हात थांबवला नाही.

भाऊ न्यायाले येईन. चाल तीच होती. डोये लागले वाटेले. सातवा जोड वाजला आणि ओवी संपली.

पाचवी ओवी निम्मी झाली असेल, जोड सरळ सरळ गाण्याच्या पुढं निघून गेले, आंधळ्यालाही दिसावं असे, आणि बानं दांडा दाबला. चाकं किंचाळली. ट्रॉली सरकत, सरकत, चुन्याच्या रेघेच्या एक हात अलीकडं थांबली.

 बानं डोळ्यांवरचा दुपट्टा सोडला नाही, तो तसाच दांडा धरून ओवी पुरी करत होता, कारण अर्धी सोडायची नाही हे मायनं त्याला जात्यावर शिकवलं होतं. ती पुरी झाली. मग साहेबांनी छत्री उघडली, निरभ्र उन्हात, आणि विचारलं, "शालिकराम, पुढची ओवी कोणती आहे?"

मनसाराम म्हणाला, "साहेब, मी म्हनू का?" आणि साहेब घाईघाईनं नको म्हणाले.

त्या पुसात बा पुन्हा दंडारीत उभा राहिला. माय पुढच्या रांगेत. पण एक गोष्ट ती खरी खरी सांगायची, लपवायची नाही. त्याचा ताल पहिल्यासारखा राहिला नाही. ढोलकी भरात आली, भरभर वाजायला लागली की सगळे नाचे तिच्यासोबत धावायचे, आणि बा मागं राहायचा, आपल्या बारा फेऱ्यांत. ढोलकीवाला चिडायचा. बा म्हणायचा, "मले काय बोलते गा? तुलेच बिरेक पाह्यजे." पाच गावांतली नाव घेण्यासारखी गोष्ट त्यानं त्या उतारावर ठेवून दिली होती. मायला विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "घरी तं माया तालात गाये न."

तीस वर्षं ट्रॉलीवर जात्यावरच्या ओव्या चालल्या. लाईनीच्या कडेला धानाची रोवणी करणाऱ्या बाया ऐकून खुसखुसायच्या, गडी मानसं दयाले बसली वं. बा त्यांच्याकडं बघून पुढची ओळ मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा. मला आठवतं ते हेच. धानाच्या पाण्यावरून आलेला त्याचा आवाज, आणि त्याच्याखाली खटखट, कधी त्याच्या मागं, कधी सोबत, कधी पुढं. बा गेला, नंतर छोटी लाईन उखडली. रूळ मालगाडीत भरून नेले.

हे सगळं मनात येत होतं आणि बाजूला माय खिडकीच्या गजाला धरून बसली होती. डोळे मिटून. मला वाटलं झोपली. पण तिचे ओठ हलत होते आणि उजवा हात मांडीवर फिरत होता, सावकाश, गोल. मग तिनं डोळे उघडले आणि एक ओवी पुरी होईपर्यंत बाहेर बघितलं. लाईनीच्या कडेनं तारेचे खांब जात होते.

"सात," ती म्हणाली.

हात फिरत राहिला. ओवी पुरी झाली.

"पाच."

मला अजून काही जाणवलं नव्हतं. झाडं तशीच पळत होती. लोक बसलेलेच होते.

"तीन. पिशवी घे. थांबून राह्यली गाडी."

मी पिशवी उचलली. डब्यात कुणीतरी उठून वरचं सामान काढू लागलं. माय पुटपुटत होती, डोये लागले वाटेले, आणि तिच्या डोळ्यांसमोरून एक खांब अगदी हळू, निरोप घ्यायला थांबल्यासारखा, मागं गेला.

"एक," ती म्हणाली.